गायरान, ग्रामपंचायत आणि सूर्याची वीज
कासार आंबोलीसारख्या गावांनी करावयाचा विचार

मुळशी तालुक्यात जमीन आणि वीज यांचा संबंध नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीच्या वीजयोजनेसाठी मुळशीच्या खोऱ्यातील भातखाचरे धरणाखाली जाणार हे कळताच तेथील मावळे शेतकरी उठले. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सुरू झालेला तो सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण अखेर झाले. खोऱ्यातील पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजघराकडे वळले आणि तेथे निर्माण झालेली वीज मुंबईस गेली. जमीन मुळशीची आणि प्रकाश मुंबईचा, अशी त्या व्यवहाराची आठवण तालुक्यातील जुन्या घराण्यांत आजही निघते.

आज वीज निर्माण करण्यासाठी पुन्हा जमिनीची मागणी होत आहे. या वेळी पाणी अडवावयाचे नसून ऊन धरावयाचे आहे. मागणी मुख्यतः सरकारी पडीक जमिनीची आणि गायरानाची आहे. पुणे-पौड रस्त्यावर पिरंगुट व पौड यांच्या दरम्यान असलेल्या कासार आंबोलीसारख्या गावात, जेथे पुणे शहराच्या वाढीमुळे मोकळी जमीन दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे, तेथे अशा मागणीस होकार किंवा नकार देण्यापूर्वी ग्रामस्थांनी हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे. तो हिशेब गावास समजावून देणे हे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याचे काम होय.

योजना काय आहे?

शेतीपंपास रात्रीची वीज मिळाली म्हणजे शेतकऱ्याची काय अवस्था होते, हे सांगावयास नको. अंधारात दंड मोडावयाचा, पाटाकडेने साप-विंचू चुकवावयाचे आणि डोंगराकडेच्या शेतात बिबट्याचीही धास्ती बाळगावयाची. ही अडचण दूर व्हावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या गावांची निवड प्रथम झाली. २०२३ च्या मे महिन्यात या योजनेचे दुसरे रूप, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०, अमलात आले. त्याखालील राज्यातील पहिला प्रकल्प २०२४ साली छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट आहे.

योजनेचा गाभा साधा आहे. महावितरणच्या ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्राच्या जवळ, साधारणपणे ५ ते १० किलोमीटरच्या आत, सौर पट्ट्यांचे प्रकल्प उभारावयाचे. त्यांची वीज त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या वाहिन्यांना द्यावयाची, म्हणजे त्या वाहिनीवरील पंप दिवसा चालतील. वीज दूरवरून आणावी लागत नसल्याने वाटेतील गळतीही कमी होते. एक मेगावॅट क्षमतेस सुमारे ४ ते ५ एकर जमीन लागते आणि तीवर वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज निर्माण होऊ शकते.

जमीन दोन मार्गांनी मिळविली जाते. खाजगी शेतकऱ्याची जमीन असल्यास तिला हेक्टरी दरसाल १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरविले असून मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ दिली जाते. जमिनीच्या नोंदणी मूल्याच्या ६ टक्के रक्कम याहून अधिक येत असेल तर ती धरली जाते. सरकारी जमीन मात्र वर्षाला १ रुपया अशा नाममात्र भाड्याने ३० वर्षांसाठी दिली जाते. अशा सार्वजनिक जमिनीवर प्रकल्प झाला तर त्या ग्रामपंचायतीस दरसाल ५ लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे, म्हणजे एकूण १५ लाख रुपये, लोकोपयोगी कामांसाठी अनुदान मिळते.

गायरान कोणाचे?

गावात सर्रास म्हटले जाते की गायरान गावाचे. व्यवहारात ते खरे आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यात थोडा फरक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी जमिनीपैकी काही भाग गुरांच्या मोफत चराईसाठी आणि गावाच्या अन्य सार्वजनिक गरजांसाठी राखून ठेवतात. जमीन सरकारची राहते आणि वापराचा हक्क गावाचा असतो. चराईची जमीन दुसऱ्या कामाकडे वळविण्यावर त्याच संहितेच्या कलम २२-अ ने बंधन घातले आहे. सार्वजनिक प्रयोजन असेल आणि त्यासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल, तरच गायरानाचा विचार व्हावा, असा त्याचा रोख आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवून त्या गावास परत मिळवून देण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले.

दुसरी वाट ग्रामपंचायत कायद्यात आहे. त्याच्या कलम ५१ अन्वये राज्य शासनास मोकळ्या, पडीक किंवा चराईच्या जमिनी योग्य त्या अटींवर ग्रामपंचायतीकडे निहित करता येतात. अशी जमीन ग्रामपंचायतीच्या मालमत्तेत मोडते. तिचा भाडेपट्टा देताना पंचायतीचा ठराव आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. शासनाने घातलेल्या अटी मोडता येत नाहीत आणि सार्वजनिक कामासाठी जमीन परत घेण्याचा अधिकार शासनाकडे राहतो. तरीही जमीन पंचायतीकडे निहित आहे की महसूल खात्याकडे आहे, यावर भाडेपट्ट्याच्या कागदावर सही कोणाची आणि भाडे कोणाच्या खात्यात, हे अवलंबून राहते. म्हणून पहिले काम हेच की, गायरानाचा सातबारा उतारा काढावा, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडील गाव नमुना १-ब मध्ये सरकारी जमिनींची नोंद पाहावी आणि अतिक्रमणे असल्यास नमुना १-इ तपासावा. पूर्वी ज्यांस आपण तलाठी म्हणत होतो, तेच हे अधिकारी होत.

वनखात्याची जमीन आणि केंद्र सरकारची जमीन या दोहोंचा विचार वेगळा करावा लागतो. वनजमीन वनेतर कामास वापरावयाची तर १९८० च्या वन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची संमती लागते. संरक्षण खाते किंवा रेल्वे यांच्या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात येत नाहीत. त्यामुळे डोंगरउताराची प्रत्येक मोकळी जमीन म्हणजे गायरान, असे धरून चालू नये.

पैशाचा हिशेब

येथे एक उदाहरण घेऊ. हे केवळ हिशेबासाठी घेतलेले उदाहरण आहे. एका गावाने ४ हेक्टर गायरान २ मेगावॅटच्या प्रकल्पास दिले असे समजा.

हीच ४ हेक्टर जमीन खाजगी शेतकऱ्याची असती तर त्यास पहिल्या वर्षी ५ लाख रुपये भाडे मिळाले असते. दरवर्षी मूळ दरावर ३ टक्के, म्हणजे १५ हजार रुपये वाढ धरली, तर दहाव्या वर्षी ते ६ लाख ३५ हजार आणि तिसाव्या वर्षी ९ लाख ३५ हजार होईल. तीस वर्षांची बेरीज २ कोटी १५ लाख २५ हजार रुपये येते. सरकारी जमिनीच्या बाबतीत ग्रामपंचायतीस मिळणारे अनुदान १५ लाख रुपये असून ते पहिल्या तीन वर्षांतच संपते.

या दोन आकड्यांतील अंतर पाहून योजना वाईट ठरवावयाची नाही. जमीन स्वस्त मिळाल्यामुळे वीज स्वस्त पडते आणि तिचा फायदा वाहिनीवरील शेतकऱ्यांस दिवसाच्या पुरवठ्याच्या रूपाने व्हावा, हाच योजनेचा हेतू आहे. परंतु म्हणूनच गावाने नेमके विचारले पाहिजे की, ज्या वाहिनीस ही वीज मिळणार तीवर आपल्या गावाचे पंप किती? कारण पैशाच्या रूपाने न आलेला मोबदला विजेच्या रूपाने तरी आपल्या गावात यावयास हवा. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत देण्याची योजना असल्याने बिल कमी होणे हा येथे मुख्य लाभ नव्हे. खरा लाभ वेळेचा आणि जिवाच्या सुरक्षिततेचा आहे.

पाच अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे साडेचार किलोवॅट वीज घेतो. त्या मानाने एक मेगावॅटच्या प्रकल्पावर स्वच्छ उन्हाच्या भर दुपारी दोनशेच्या आसपास पंप एका वेळी चालू शकतील. सकाळ-संध्याकाळ हा आकडा बराच खाली येतो. धोंदलगावसारख्या कोरड्या मुलखात पंपांची संख्या मोठी असते. मुळशीच्या पट्ट्यात खरिपाचे भात पावसावर होते आणि रब्बीत हरभरा, गहू, वाल किंवा भाजीपाला ज्यांच्याकडे विहीर अथवा नदीचे पाणी आहे तेच करतात. तेव्हा आपल्या वाहिनीवरील पंपांची यादी हाती घेतल्यावाचून लाभाचा अंदाज बांधू नये. ही यादी महावितरणच्या शाखा कार्यालयाकडे मागता येते.

एका बाबतीत निसर्ग या पट्ट्यास अनुकूल आहे. जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे सौर वीज घटते, परंतु त्याच काळात भातास पंपाचे पाणी लागत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, जेव्हा पंपाची गरज असते, तेव्हा ऊनही चांगले असते.

जमिनीची निवड

मुळशीसारख्या अतिपावसाच्या भागात जमिनीची निवड हा निम्मा प्रकल्प होय. सौर पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाच्या जवळपास म्हणजे सुमारे १८ अंश उतारावर बसवितात. त्यामुळे दक्षिणउताराची, डोंगराची किंवा झाडांची सावली न पडणारी वरकस जमीन सोईची ठरते.

परंतु वरकस जमीन उताराची असते आणि तिच्या पायथ्याशी बहुधा भातखाचरे असतात. यंत्राने साऱ्या उतारावरील गवत खरवडून काढले आणि पावसाचे पाणी पट्ट्यांच्या खालच्या कडेवरून एकाच रेषेत पडू लागले, तर पहिल्याच पावसाळ्यात मुरूम वाहून खाचरात येतो. खाचर एकदा मुरमाने भरले की ते पुन्हा भातयोग्य करण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून समतल चर, दगडी बांध, पाण्यासाठी सुरक्षित सांडवा आणि जमिनीवर गवताचे आच्छादन या चार गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात. मृदसंधारणाचे काम कृषी खात्यास परिचयाचे आहे. त्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला आराखडा तयार होतानाच घ्यावा, प्रकल्प उभा राहिल्यानंतर नव्हे.

पट्ट्या पुरेशा उंचीवर बसविल्या तर त्यांच्याखाली गवत वाढते आणि तेथे मेंढ्या चारता येतात. शेळ्या उड्या मारतात व तारा कुरतडतात, म्हणून त्यांस आत सोडणे योग्य नाही. गवत कापून नेण्याची मुभाही देता येते. अशी सवलत आधी मागितली तरच मिळते. कुंपण पडल्यानंतर ती मिळविणे कठीण जाते.

गुरे कोठे जाणार?

गायरानाचा उपयोग कोण करतो, याची नोंद कोणत्याही नमुन्यात नसते. ज्याच्याकडे वीस गुंठे जमीन आणि दोन म्हशी आहेत, त्याची वैरण तेथून येते. कातकरी आणि भूमिहीन कुटुंबे तेथून सरपण व पावसाळी रानभाज्या आणतात. पाणंद, पाण्याची वाट, देवाचे ठाणे किंवा मसणवटाही काही ठिकाणी त्याच जमिनीत असते. ज्या शेतकऱ्याचा पंप दिवसा चालणार तो बहुधा बागायतदार असतो आणि ज्याची गुरे बंद होणार तो बहुधा अल्पभूधारक असतो. लाभ एकाचा व तोटा दुसऱ्याचा, असे होऊ लागले म्हणजे गावात फूट पडते. राज्यातील काही गावांनी गायरानावरील प्रकल्पांस विरोध केला, तो बहुतांशी याच कारणाने.

यावर उपाय आहे. सर्व गायरान न देता त्याचा ठरावीक भागच द्यावा. उरलेल्या भागावर सुधारित गवत व वैरणीची झाडे लावून त्याचे उत्पादन वाढवावे. ग्रामपंचायतीस मिळणाऱ्या १५ लाखांतील पहिला हिस्सा याच कामी खर्च करावा. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी प्रथम लाभ गेला तर बाकीचे काम सोपे होते.

इतरांचा अनुभव

तामिळनाडूतील कोइंबतूर जिल्ह्यातील ओडन्थुरै या ग्रामपंचायतीने २००६ साली स्वतः कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. जमीन भाड्याने देऊन थांबण्याऐवजी ती पंचायत विजेची उत्पादक झाली आणि विजेच्या विक्रीतून कर्ज फेडू लागली. गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी २०१६ साली सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापून उरलेली वीज विकण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तेथे वीज घरांच्या छपरांवर निर्माण होते.

परदेशातील एक उदाहरणही बोधप्रद आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात बोल्डर सिटी नावाचे लहान शहर आहे. मुळात केंद्र सरकारच्या मालकीची असलेली एल्डोराडो खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन या शहराने १९९५ साली आपल्याकडे घेतली. तिचा मोठा भाग वाळवंटी कासवांच्या रक्षणासाठी राखून ठेवला आणि उरलेल्या जमिनीचे भाडेपट्टे सौर प्रकल्पांस दिले. २००७ साली तेथे ६४ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, पुढे आणखी अनेक आले. जमिनीची मालकी शहराची राहिल्याने भाड्याचे उत्पन्न दरसाल शहराच्याच तिजोरीत येते आणि नागरिकांच्या सोईंवर खर्च होते. तेथील वाळवंट आणि आपला मावळ यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु जमीन स्थानिक संस्थेच्या हाती आल्यावर काय राखावयाचे आणि काय द्यावयाचे, हे त्या संस्थेने आधी ठरविले, एवढा धडा घेण्यासारखा आहे.

कासार आंबोलीच्या परिसरास छपरांचा मार्ग विशेष सोईचा आहे. पिरंगुटच्या पट्ट्यात कारखाने, शाळा व मोठ्या इमारती आहेत. जेथे मोकळ्या जमिनीवर घरांचा, रस्त्यांचा आणि कचऱ्याचा ताण आधीच आहे, तेथे छपरे वापरून होईपर्यंत चराईची जमीन राखून ठेवणे हा विचार अवश्य व्हावा. उलट गायरान अतिक्रमणाने हळूहळू संपत असेल, तर कुंपण घातलेला प्रकल्प तीस वर्षे ती जमीन एकत्र तरी ठेवतो, हेही ध्यानात घ्यावे.

ग्रामसभेत मांडावयाचे प्रश्न

प्रस्ताव आल्यास पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्यावाचून विषय ठरावास टाकू नये.

१. जमीन महसूल खात्याची आहे की ग्रामपंचायतीकडे निहित आहे? तिचा गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा काय?

२. जवळ दुसरी सरकारी पडीक जमीन आहे काय? असल्यास ती का घेतली जात नाही?

३. वीज कोणत्या उपकेंद्रास व कोणत्या वाहिनीस जाणार? तीवर आपल्या गावाचे पंप किती?

४. गावातील गुरे, मेंढ्या व शेळ्या किती आणि कोणत्या महिन्यांत त्या जमिनीवर चरतात?

५. पट्ट्या धुण्यासाठी पाणी कोठून आणणार? उन्हाळ्यात ते पिण्याच्या पाण्याच्या उद्भवातून घेतले जाणार नाही ना?

६. राखण, सफाई व गवतकापणीची कामे गावातील किती माणसांस मिळणार?

७. पाणंद, पाण्याची वाट व देवस्थान यांस वाट मोकळी राहील काय?

८. ग्रामपंचायतीचा कर, भाडे आणि अनुदान यांच्या रकमा व तारखा काय?

९. मुदत संपल्यावर पाया, तारा व पट्ट्या कोण काढणार? निकामी सौर पट्ट्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ खाली येतात, म्हणून त्या गावात टाकून जाता येणार नाहीत, ही अट करारात आहे काय?

ग्रामपंचायत अधिकाऱ्याने या प्रश्नांची यादी ग्रामसभेपूर्वी चावडीवर लावावी आणि नकाशा घेऊन ग्रामस्थांसह जागेवर शिवारफेरी करावी. फेरीस गुराख्यांस व स्त्रियांस मुद्दाम बोलवावे. जमिनीची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. कागदावरचा मोकळा गट प्रत्यक्षात किती मोकळा आहे, हे तेथेच दिसते.

मुळशीच्या शेतकऱ्यास शंभर वर्षांपूर्वी कोणी विचारले नव्हते. आज ग्रामसभा आहे, कायदा आहे आणि हिशेब मांडता येईल अशी माणसे गावोगाव आहेत. सूर्याची वीज देशास हवी आहे आणि शेतकऱ्यासही दिवसा हवी आहे. ती मिळविताना गावाने आपली सामाईक जमीन आंधळेपणाने देऊ नये आणि आंधळेपणाने अडवूनही धरू नये. मोजून, लिहून आणि सर्वांस विचारून घेतलेला निर्णय तीस वर्षे टिकतो, म्हणून मोजणीचे काम प्रस्ताव येण्याची वाट न पाहता याच हंगामात हाती घ्यावे.